रुटीन लॅबमधून क्लिनिकल स्टडीत येताना: रक्ताच्या नमुन्याबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा: डीएमएलटीनंतर (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) काही वर्षं नागपुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं, आता धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल स्टडीवर (माणसांवर औषध तपासणाऱ्या अभ्यासावर) नेमणूक झाली आहे. सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव), प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्तातला द्रव) आणि पीबीएमसी (रक्तातल्या लिम्फोसाइट व मोनोसाइट या पांढऱ्या पेशी) असे तिन्ही नमुने करायचे आहेत आणि ते बाहेरगावच्या सेंट्रल लॅबला जाणार आहेत. रक्त काढता येतं, सेंट्रिफ्यूज चालवता येतो. मग नवीन शिकायचं काय, आणि इथल्या उन्हाळ्यात काय सांभाळायचं?

हात तुमचा तयार आहे, त्याची काळजी नको. फरक दुसरीकडे आहे. रुटीनमध्ये रिपोर्ट विचित्र आला तर पेशंटला फोन करून परत बोलावता येतं. स्टडीत गोळी दिल्यानंतरच्या दुसऱ्या तासाचं रक्त एकदाच मिळतं. ते कदाचित वर्षभराने, दुसऱ्या शहरात, त्या पेशंटला कधीही न पाहिलेला माणूस तपासतो. त्याच्यासमोर असते एक छोटी कुपी आणि तुम्ही भरलेला एक कागद. नमुना थोडा बिघडला असेल आणि तसं लिहिलेलं असेल, तर तो माणूस काहीतरी मार्ग काढतो. बिघडलेला नमुना चांगला म्हणून गेला, तर तो आकडा सरळ निष्कर्षात मिसळतो आणि पुन्हा वेगळा काढता येत नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

सुरुवात लॅब मॅन्युअलपासून करा. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे स्टडीच्या आराखड्यात, काय घ्यायचं ते असतं. कसं घ्यायचं, किती मिनिटांत फिरवायचं, कुठल्या तापमानाला ठेवायचं हे लॅब मॅन्युअलमध्ये असतं. ते वाचून प्रत्येक व्हिजिटचा एक पानी तक्ता स्वतःच्या हाताने बनवा आणि बेंचवर लावा. पीआयची (स्टडीच्या प्रमुख डॉक्टरची) सही आणि मॅन्युअलचा व्हर्जन नंबर त्यावर असू द्या, नाहीतर मॅन्युअल बदलतं आणि भिंतीवरचा कागद जुनाच राहतो. माझा आणि मॅन्युअलचा कुठे फरक पडला तर मॅन्युअल खरं धरायचं.

मग किट उघडून बघा. व्हॅक्यूम ट्यूबला एक्स्पायरी असते, आणि बहुतेक कंपन्या त्या ४ ते २५ अंशांत ठेवायला सांगतात. आपल्याकडे किटचे खोके बऱ्याचदा एसी नसलेल्या स्टोअरमध्ये पडलेले असतात. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की त्या खोलीत काय होत असेल ते सांगायला नको. व्हॅक्यूम कमी झाला की ट्यूब पूर्ण भरत नाही. सायट्रेटच्या निळ्या ट्यूबमध्ये ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट हे प्रमाण ठरलेलं असतं. रक्त कमी पडलं तर पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) उगाच लांबलेले दिसतात. किट एसी असलेल्या खोलीत हलवा, थर्मामीटर लावा आणि रोजचं तापमान लिहा.

संमतीपत्राबद्दल एवढंच: संमतीची वेळ रक्ताच्या वेळेच्या आधीची हवी, आणि ती खरोखर आधीची असावी. पेशंटला वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार लागतो. केवळ स्टडीसाठी कोणाला उपाशी बोलवायचं असेल, तर माझ्या मते संमती आदल्या भेटीतच झालेली बरी. उरलेलं रक्त भविष्यातल्या संशोधनासाठी ठेवायचं असेल तर त्याची परवानगी फॉर्मवर वेगळी असते. पेशंटने तिथे 'नाही'वर खूण केली असेल तर ती कुपी फ्रीझरमध्ये जाता कामा नये. ही चूक लॅबच्या टेबलावर होते, कारण संमतीपत्र कोऑर्डिनेटरच्या फाइलमध्ये असतं आणि तुम्हाला ते कोणी दाखवत नाही. तुम्हीच मागून बघा.

आता उपाशीपोटीची गोष्ट. आपले पेशंट गोंदिया, भंडारा, गडचिरोलीहून पहाटेच्या गाडीने किंवा एसटीने येतात. 'काही खाल्लं का?' असं विचारलं तर उत्तर 'नाही'च येतं, आणि ते त्यांच्या दृष्टीने खरंही असतं. 'चहा?' असं विचारलं की मग कळतं, "अर्धा कपच तं पेलो नं मॅडम, स्टँडवर." आणि तिसरा प्रश्न नागपुरात विचारलाच पाहिजे: खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण). विदर्भात खर्रा खाणं हे 'खाणं' समजलंच जात नाही. पण निकोटीनने अॅड्रिनालिन, कॉर्टिसॉल, रक्तातली मोकळी फॅटी अॅसिड्स वर जातात. मेटाबॉलिक स्टडी असेल तर हा मोठाच घोळ आहे. म्हणून चहा, बिस्कीट, खर्रा, बिडी असं एकेक नाव घेऊन विचारा आणि शेवटची वेळ लिहा. पाणी चालतं, हे आदल्या दिवशी स्पष्ट सांगा. नाहीतर लोक उन्हाळ्यात पाणीसुद्धा सोडून येतात, मग शीर सापडत नाही आणि पेशंट खुर्चीतच चक्कर येऊन पडतो.

बसच्या गर्दीतून आलेल्या माणसाला लगेच टोचू नका. १५ मिनिटं बसू द्या. उभ्या माणसाच्या रक्तातलं पाणी शिरेबाहेर झिरपतं, त्यामुळे प्रथिनं आणि त्यांना चिकटून असलेले घटक घट्ट झालेले दिसतात. पहिल्या व्हिजिटला पडून आणि दुसऱ्या व्हिजिटला धावतपळत आल्या आल्या रक्त घेतलं, तर जो फरक दिसेल तो औषधाचा नसेल. सगळ्या व्हिजिटना एकच पद्धत ठेवा. टूर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) १ मिनिटाच्या आत सुटला पाहिजे. मूठ एकदा मिटून धरली तर चालते, पण 'उघडझाप करा' असं सांगायची जी आपल्याला सवय असते ती सोडा. त्याने पोटॅशियम वाढतं. स्पिरिट वाळू द्या, ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की लाल पेशी फुटतात आणि पेशंटलाही चरचरतं.

"इतकं रगत कायले काहाडून राहिले?" हा प्रश्न येणारच. ट्यूबांची रांग बघून कोणीही घाबरेल. सगळ्या ट्यूब मिळून किती मिली होतात ते आधी मोजून ठेवा आणि चमच्यात सांगा, ५ मिली म्हणजे चहाचा एक चमचा. ६० किलोच्या माणसात साधारण ४ लिटरच्या वर रक्त असतं. हे पटलं की पुढच्या व्हिजिटला तो परत येतो. सांगितलेल्या आकड्यापेक्षा एक थेंबही जास्त घेऊ नका, कारण संमतीपत्रावर तोच आकडा असतो.

ट्यूबचा क्रम तुम्हाला पाठ असेल: ब्लड कल्चर, निळी सायट्रेट, सीरमची लाल किंवा पिवळी, हिरवी हेपॅरिन, जांभळी ईडीटीए, राखाडी फ्लोराइड. ईडीटीएमध्ये पोटॅशियमचा क्षार असतो आणि तो कॅल्शियम पकडून ठेवतो. जांभळ्या ट्यूबचा अंश सीरममध्ये गेला की पोटॅशियम प्रचंड वर आणि कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज खाली दिसतं. आकड्यांवरून माणूस आयसीयूत असायला हवा, आणि तो तर बाहेर बाकावर पोहे खात असतो. म्हणूनच एका ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये कधीही ओतायचं नाही, कमी पडलं तरी नाही. बटरफ्लाय (नळी जोडलेली पंखांची सुई) वापरणार असाल आणि पहिलीच ट्यूब सायट्रेटची असेल तर आधी एक फेकायची ट्यूब लावा; नळीतली हवा आत जाऊन ट्यूब अर्धवट भरते. आरएनएची पॅक्सजीन ट्यूब असेल तर ती सगळ्यात शेवटी. भरल्यावर ट्यूब उलटसुलट करायची: सायट्रेट ३ ते ४ वेळा, सीरमची ५ वेळा, हेपॅरिन, ईडीटीए आणि फ्लोराइड ८ ते १० वेळा. हलक्या हाताने. कफ सिरपची बाटली हलवतात तसं नाही.

ट्यूब भरल्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं, आणि इथेच बहुतेक साइट (स्टडी चालणारी हॉस्पिटलं) घसरतात.

रक्त शरीराबाहेर आलं तरी पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. न फिरवलेल्या रक्तातलं ग्लुकोज तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरतं, आणि गरमीत आणखी वेगाने. फ्लोराइड घातलं म्हणजे ते लगेच थांबतं असा समज आहे. फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला एक ते दोन तास जातात, तोवर साखर कमी होतच असते. त्यामुळे राखाडी ट्यूबसुद्धा टेबलावर सोडून द्यायची नाही. मग कोणी म्हणतं, सगळंच फ्रिजमध्ये ठेवू. तेही नको. न फिरवलेलं रक्त थंड झालं की पेशींच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. सीरम लाल दिसत नाही, हिमोलाइज झाल्याची, म्हणजे लाल पेशी फुटल्याची, खूण नाही, आकडा मात्र चुकलेला. पीबीएमसीसाठीचं रक्तही फ्रिजमध्ये ठेवत नाहीत.

मॅन्युअलमध्ये १८ ते २५ अंश लिहिलेलं असतं. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू असताना नागपुरात कूलरच्या खोलीत ते मिळत नाही. कूलर लावलेल्या ओपीडीत दुपारी सहज ३० अंशांच्या वर असतं. रक्त घेण्याची खोली आणि प्रोसेसिंगची खोली, दोन्हींना एसी हवा. नसेल तर साइट सुरू होण्याआधी पीआयकडून स्पॉन्सरला (स्टडी करवून घेणाऱ्या कंपनीला) लेखी कळवा, नंतर कोणी ऐकत नाही. एका इमारतीतून दुसरीकडे न्यायचं असेल तर ट्यूब उभ्या रॅकमध्ये, इन्सुलेटेड डब्यात, आत तापमान नोंदवणारा छोटा लॉगर. जेल पॅक फ्रीझरमधून काढून सरळ ट्यूबला चिकटवले तर रक्त गोठतं आणि पेशी फुटतात. पॅक थोडा वेळ बाहेर ठेवून, मध्ये जाड कापड किंवा पुठ्ठा घालून ठेवा. गाडीच्या डिकीत कधीही नाही. एसीटीएच, अमोनिया, लॅक्टेट यांसारख्या नमुन्यांना बर्फाच्या पाण्यात ट्यूब बुडवून आणावी लागते. तो बर्फ आदल्या दिवशी फ्रीझरमध्ये तयार असावा. पेशंट खुर्चीत बसल्यावर शिपायाला रसवंतीवर पिटाळणारी साइटही पाहिली आहे.

सीरमची ट्यूब उभी ठेवून ३० मिनिटं गुठळी होऊ द्या. क्लॉट अॅक्टिव्हेटर नसलेल्या साध्या ट्यूबला तासभर लागू शकतो. रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर आणखी वेळ. घाईने फिरवलं की सीरममध्ये नंतर फायब्रिनचे धागे तयार होतात आणि ते मशीनच्या प्रोबमध्ये अडकतात.

सेंट्रिफ्यूजबद्दल एक सवय मोडा. 'तीन हजारावर दहा मिनिटं' हे रुटीन लॅबचं वाक्य इथे चालत नाही. मॅन्युअल 'जी'मध्ये (आरसीएफ, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) लिहितं, तुमचं मशीन आरपीएम (मिनिटाला फेरे) दाखवतं. सूत्र असं: आरसीएफ म्हणजे ०.००००१११८ गुणिले रोटरची सेंटिमीटरमधली त्रिज्या गुणिले आरपीएमचा वर्ग. ३००० आरपीएमला १० सेंमी त्रिज्येच्या रोटरवर साधारण १००० जी मिळतात, १५ सेंमीच्या रोटरवर १५०० जी. म्हणजे आकडा तोच, काम दीडपट. त्रिज्या मधल्या दांड्यापासून ट्यूबच्या तळापर्यंत मोजायची, बकेट आडवी झालेली असताना. हिशेब करून तक्ता मशीनवर चिकटवा. कोअॅग्युलेशनच्या (रक्त गोठण्याच्या चाचण्यांच्या) नमुन्याला प्लेटलेट जवळजवळ नसलेला प्लाझ्मा लागतो, मायक्रोलिटरला १०,०००च्या खाली. त्यासाठी दोनदा फिरवावं लागतं: पहिल्या फेरीनंतर पेशींच्या थराला न डिवचता वरचा प्लाझ्मा काढायचा, प्लास्टिकच्या नव्या ट्यूबमध्ये घालून परत फिरवायचा, आणि तळातला थोडा सोडून द्यायचा. प्लेटलेट राहिल्या आणि तसंच गोठवलं की त्या फुटतात आणि सगळा आकडा बदलतो. जेल असलेली ट्यूब मात्र दुसऱ्यांदा फिरवायची नाही. जेलखालचं, पेशींना लागून राहिलेलं सीरम वर येतं.

पीबीएमसी तुम्हाला नवीन असेल, त्यामुळे थोडं अधिक. फायकॉल या द्रवाची घनता १.०७७ असते, लाल पेशी आणि ग्रॅन्युलोसाइट तिच्यातून खाली जातात, लिम्फोसाइट आणि मोनोसाइट वर तरंगतात. ही घनता तापमानाबरोबर बदलते. फायकॉल थेट फ्रिजमधून काढून वापरलं तर नको असलेल्या पेशी वरच्या थरात येतात. फार गरम झालं तर हव्या असलेल्या पेशी खाली अडकतात आणि हाती कमी येतात. नागपुरात दुसरा प्रकार जास्त. कूलिंग नसलेला सेंट्रिफ्यूज लागोपाठ दोन-तीनदा चालवला की आतलं भांडं हाताला गरम लागतं. पीबीएमसी असेल तर रेफ्रिजरेटेड सेंट्रिफ्यूज मागा आणि तो २० अंशांवर ठेवा. रक्त पातळ करून फायकॉलवर ट्यूबच्या भिंतीवरून सोडायचं, ४०० जी, ३० ते ४० मिनिटं, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला की थर हिंदकळतो आणि सगळी मेहनत वाया. रक्त घेतल्यापासून आठ तासांच्या आत काम संपलेलं असावं. गोठवताना डीएमएसओ (पेशींना बर्फापासून वाचवणारं रसायन) साधारण १० टक्के; ते मिसळल्यावर रेंगाळायचं नाही, कारण साध्या तापमानाला ते पेशींना मारतं. मिनिटाला १ अंश या वेगाने थंड करणाऱ्या डब्यात -८०ला रात्रभर आणि मग लिक्विड नायट्रोजनमध्ये. आयसोप्रोपिल अल्कोहोल भरलेला डबा असेल तर ५ वापरांनंतर द्रव बदलायचा असतो. डब्याच्या झाकणावर रेघा मारत जा.

कुपी काठोकाठ भरू नका, गोठताना द्रव फुगतो. एका मोठ्या कुपीपेक्षा अर्ध्या अर्ध्या मिलीच्या चार बऱ्या, म्हणजे एका चाचणीसाठी सगळंच वितळवावं लागत नाही. लेबल क्रायोचंच हवं आणि ते कुपी कोरडी असताना लावायचं. ओल्या किंवा बर्फाळलेल्या कुपीवर चिकटवलेलं नंतर फ्रीझरच्या तळाशी सापडतं. पेशंटचं नाव नाही, फक्त स्टडीचा नंबर. -८०च्या फ्रीझरला मागून श्वास घ्यायला जागा लागते. कंडेन्सरची जाळी उन्हाळ्याआधी साफ करून घ्या, खोलीला दोन एसी आलटूनपालटून, आणि अलार्म मोबाइलवर जाणारा. रविवारी दुपारी लाइट गेली तर चावी कोणाकडे, हे नाव-नंबरासकट दारावर लिहा.

विदर्भात आहात म्हणून सिकलसेलबद्दल वेगळं सांगतो, तुमच्या स्टडीचा विषय तो नसला तरी. अशा पेशंटचा प्लाझ्मा गुलाबी दिसला तर तो हात चुकल्यामुळेच असेल असं नाही. पेशी शरीरातच फुटत असतात. नमुना लगेच बाद करू नका. शीर सहज मिळाली का, किती वेळा टोचावं लागलं, आजार माहीत आहे का, हे शेऱ्यात लिहा, म्हणजे पलीकडच्याला कारण ठरवता येतं. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी चाचणी) असेल तर मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवलं का ते विचारा. दात्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं आणि रिपोर्ट भलताच येतो. या पेशंटना टूर्निके आणखी कमी वेळ, आणि आधी पाणी.

नमुने पाठवताना कॅटेगरी बीचा (कमी धोक्याच्या जैविक नमुन्यांचा) यूएन ३३७३ शिक्का, तीन थरांचं पॅकिंग, ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) असेल तर यूएन १८४५ आणि बर्फाचं निव्वळ वजन बाहेर लिहिलेलं. ड्राय आइसचा डबा हवाबंद करायचा नाही, वायू कोंडून तो फुटू शकतो. बर्फ प्रवासाच्या वेळेच्या दुप्पट वेळ पुरेल असा घाला. विमान चुकलं की डबा कुठल्या शेडमध्ये उभा राहील सांगता येत नाही. हाताळताना जाड हातमोजे, आणि गाडीची काच थोडी उघडी.

आणि कॅलेंडर स्वतः बनवा, सेंट्रल लॅबच्या भरवशावर राहू नका. त्यांना मारबत (नागपूरची पोळ्यानंतरची मिरवणूक) माहीत नसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शहरातले रस्ते बंद असतात, दसऱ्याला दीक्षाभूमीच्या आजूबाजूने कुरिअरची गाडी येऊ शकत नाही, आणि हिवाळी अधिवेशनात सीताबर्डी ते सिव्हिल लाइन्स कधी अडेल ते त्या दिवशीच्या मोर्चावर. ताज्या रक्ताची व्हिजिट शुक्रवारी तर ठेवूच नका. पलीकडे शनिवारी घेणारा कोणी आहे याची लेखी खात्री असेल तरच.

लिहिण्याबद्दल. रक्त ठरलेल्या १० वाजता न निघता १० वाजून ७ मिनिटांनी निघालं, तर १०:०७ लिहा. औषधाची पातळी मोजणाऱ्या स्टडीत खरी वेळ कळली तर हिशेब नीट बसवता येतो. १०:०० लिहिलं तर तो बिंदू वक्ररेषेवर चुकीच्या जागी बसतो. सगळ्या पेशंटच्या सगळ्या वेळा पाच मिनिटांच्या पटीत दिसल्या की मॉनिटर (स्पॉन्सरचा नोंदी तपासणारा माणूस) पहिला संशय तिथेच घेतो, आणि बरोबरच करतो. रक्त घेण्याच्या खोलीतलं, लॅबमधलं आणि मोबाइलमधलं घड्याळ रोज सकाळी जुळवा. ग्लोव्हजवर किंवा तळहातावर वेळ लिहून नंतर फॉर्मवर उतरवायची पद्धत बंद करा, फॉर्मच खुर्चीजवळ न्या. चूक झाली तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर लॅबमध्ये ठेवूच नका.

एखादा सीनियर म्हणेल, 'डेव्हिएशन कशाला, वेळ बसवून टाक.' (डेव्हिएशन म्हणजे प्रोटोकॉलपासून हटल्याची नोंद.) तुम्ही नवीन आहात, त्यामुळे नाही म्हणणं अवघड जाईल. तेव्हा वाद न घालता खरी वेळ लिहून फॉर्म पुढे द्या, आणि हिमोलिसिस, अर्धवट भरलेली ट्यूब, उशिरा फिरवलेला नमुना या सगळ्यांची एक वही ठेवा. महिन्याभरात त्या वहीतून दिसतं की गडबड नेमकी कुठे आहे: एखादी ठरावीक शिफ्ट, बटरफ्लायची एखादी बॅच, की दुपारी बंद पडणारा एसी.

सुई टोचली तर पिळू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण नसेल तर या आठवड्यातच सुरू करा. सुया पांढऱ्या डब्यात, प्लास्टिक लालमध्ये, रक्ताचा कापूस पिवळ्यात. हे तुम्हाला येतंच.

पहिला पेशंट येण्याआधी एक पूर्ण तालीम करा. ट्यूबमध्ये पाणी भरा, घड्याळ लावा, खुर्चीपासून फ्रीझरपर्यंत सगळं त्याच माणसांनी, त्याच जिन्यावरून, आणि दुपारी २ वाजताच करा. लिफ्ट बंद असते, सेंट्रिफ्यूज दुसऱ्या डिपार्टमेंटने अडवलेला असतो, फ्रीझरची चावी जेवायला गेलेल्या माणसाच्या खिशात असते. हे सगळं पाण्याच्या ट्यूबवर कळू द्या.